व्हर्न आत आहे तोवर

"टीलचं नाव या टेबलावर काढायचं नाही," बर्निसने रविवारी सकाळी जाहीर केलं आणि व्हर्नच्या ताटलीत तिसरं सॉसेज टाकलं. "मला नाश्ता पचत नाही."

"नाव कुठं काढतोय? मी फक्त एवढंच म्हणतो, की ज्या पिचरने गेल्या सहा सामन्यांत एकतीस रन दिले, त्याला मंगळवारच्या आत कुणाच्या तरी गळ्यात बांधून टाकावं. बदल्यात नुसती चेंडूंची पिशवी मिळाली तरी चालेल."

"चोवीस वर्षांचा पोरगा आहे तो. चोविसाव्या वर्षी तू काय दिवे लावत होतास?"

"मी निदान शिकागोच्या लोकांकडून मार खात नव्हतो."

खेळाडूंच्या अदलाबदलीची मुदत मंगळवारी संध्याकाळी संपत होती आणि सगळ्या मिलवॉकीला दुसरा विषय नव्हता. बेसबॉलमध्ये सामन्याच्या सुरुवातीला चेंडू टाकणारे पाच पिचर पाळीपाळीने येतात, म्हणजे प्रत्येकाची पाळी पाचव्या दिवशी. त्यांतल्या एकाचा खांदा गेला होता, दुसऱ्याचं कोपर, उरलेल्या दोघांचा आत्मविश्वास. पाचवा ऑरिन टील. त्याला काहीही झालेलं नव्हतं, तो नुसताच मार खात होता. व्हर्नच्या मते असा माणूस टीमला नको. बर्निस मात्र लहानपणी वडिलांच्या मांडीवर बसून स्कोअर लिहायला शिकलेली बाई. स्वयंपाकघरातल्या रेडिओवर सामना ऐकत ती पेन्सिलीने वही भरायची आणि टीलच्या पानावर हलक्या हाताने लिहायची.

त्या दिवशी त्यांच्या लग्नाला चाळीस वर्षं होत होती. तळ्याकाठच्या क्लबात साडेचारला जेवण होतं, सेहेचाळीस पाहुणे येणार होते. मागच्या वर्षीचा दिवस व्हर्नने पंधरा इनिंग लांबलेल्या सामन्यात घालवला होता. बर्निस हॉटेलात मेणबत्तीसमोर एकटी बसली होती आणि वाढप्याने दया येऊन तिला आइस्क्रीम फुकट दिलं होतं. ते आइस्क्रीम व्हर्न वर्षभर ऐकत होता.

"तीनला घरी," बर्निस म्हणाली. "तीन म्हणजे तीन. नाहीतर पुढची चाळीस वर्षं त्या क्लेमबरोबर काढ."

व्हर्नने भाषणाचा कागद खिशात घातला आणि तो क्लेमकडे गेला.

क्लेमच्या तळघरात मोठा टीव्ही होता, जुना सोफा होता, बिअरचा फ्रिज होता आणि कोपऱ्यात एक चिंचोळं बाथरूम होतं. नॉर्ब आधीच येऊन बसला होता. त्याने तीस वर्षं पोस्टात पत्रं लावली होती आणि आता तो वहीत सामन्यांचे आकडे लावायचा. सामना सुरू झाला आणि टीलने पहिल्या दोन्ही फलंदाजांना चार-चार वाईट चेंडू टाकून फुकटात पुढे पाठवलं.

"बघा!" व्हर्न उठला. "अजून कुणी बॅट हलवली नाही तर दोन माणसं पुढं! मला बघवत नाही. मी जाऊन येतो."

त्याने बाथरूमचं दार असं आपटलं, की जुलैच्या दमट हवेने फुगलेलं ते दार चौकटीत रुतून बसलं. पाच मिनिटांनी त्याने आतली मूठ ओढली, तेव्हा मूठ तेवढी हातात आली.

"क्लेम! दार अडकलं!"

"थांब जरा, आला बघ पळत!" बाहेरून क्लेम ओरडला. पण तो दाराबद्दल बोलत नव्हता. टीलने एका चेंडूत दोघांना बाद केलं होतं आणि लगेच तिसऱ्यालाही.

तिसऱ्या इनिंगमध्ये क्लेम स्क्रू-ड्रायव्हर घेऊन खरंच दाराशी गेला. माणूस सज्जन होता, मनात काही नव्हतं. त्याने पहिला स्क्रू अर्धा फिरवला आणि तिकडे फलंदाजाने असा टोला हाणला, की चेंडू भिंतीपलीकडे गेला. पडला मात्र रेषेच्या हातभर बाहेर, म्हणून मोजला नाही.

"क्लेम," नॉर्ब हळूच म्हणाला, "ते खाली ठेव."

क्लेमने ठेवला. पुढच्या चेंडूवर फलंदाज बाद.

"आता परत लाव बघू."

क्लेमने परत लावला. तिकडे साधा सरपटत आलेला चेंडू खेळाडूच्या हातातून निसटला आणि जेमतेम सावरला गेला. क्लेमने हात असा मागे घेतला, जसा काही तो स्क्रू तव्यावर तापलेला होता.

"दोनदा झालं," नॉर्बने वहीत टिपलं. "व्हर्न आत गेल्यापासून त्यांनी एकही..."

"बोलू नकोस!" क्लेमने त्याच्या तोंडावर हात ठेवला.

पिचरने समोरच्या टीमला सबंध सामन्यात एकही हिट, म्हणजे फलंदाज सुखरूप पुढे पोचेल असा टोला, मारू दिली नाही, तर त्या पराक्रमाला एक नाव आहे. पण तो घडत असताना ते नाव कुणी उच्चारत नाही, जागा बदलत नाही, प्यालासुद्धा या हातातून त्या हातात घेत नाही. मीही ते इथे लिहीत नाही, सामना संपू दे आधी. आणि नियमच असा असल्यामुळे व्हर्नला का उघडत नाही, हे त्याला सांगायचीही सोय नव्हती.

"अरे, काय झालं?" आतून व्हर्न.

"स्क्रू-ड्रायव्हर मोडला."

"दुसरा आण!"

"शोधतोय."

"कुठं शोधतोयस? सोफ्याची स्प्रिंग वाजली, मी ऐकलं! आणि त्या टीलचं काय चाललंय?"

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. "चाललंय आपलं," नॉर्ब म्हणाला.

"म्हणजे मार खातोय. मी काय सांगत होतो! मंगळवारी पाठवा म्हणावं बाहेर."

पुढचा तासभर व्हर्नने त्या बाथरूममध्ये जे सोसले ते हाल शत्रूवर येऊ नयेत. येरझारा घालाव्यात तर दोन पावलांत भिंत. खिडकी काचेच्या विटांची, तिच्यातून क्लेमच्या बायकोची झेंडूची फुलं तेवढी हिरवी-पिवळी हलताना दिसत. मोबाइल सोफ्यावर राहिलेला. शाम्पूच्या बाटलीवरचा मजकूर त्याने तीनदा वाचला, टबाच्या काठावर बसला, उठला, पुन्हा बसला. मग भाषणाचा कागद काढून मोठ्याने म्हणायला लागला.

"मित्रहो, चाळीस वर्षांत बर्निसने मला एकदाही वाट बघायला लावली नाही..."

"हळू म्हण, कॉमेंट्री ऐकू येत नाही!" क्लेम ओरडला.

"मला भूक लागलीय!"

सॉसेज दाराखालून जाईना. चीजच्या पातळ फोडी गेल्या. नॉर्ब एकेक फोड जुन्या सवयीने पाकिटासारखी आत सरकवत होता.

अडीचला मोबाइल वाजला. पडद्यावर बर्निसचं नाव. क्लेमने फोन दोन बोटांत धरून उचलला.

"व्हर्न बाथरूममध्ये आहे," तो म्हणाला. यात खोटं काहीच नव्हतं.

तीनला पुन्हा वाजला. "अजून आहे," क्लेम म्हणाला. सव्वातीनला तिसऱ्यांदा वाजला तेव्हा क्लेमचा आवाज बसला होता. "बर्निस, तो... आतच आहे. दार अडकलंय."

"अडीच वाजल्यापासून? दार का उघडत नाही तुम्ही? थांबा, मीच येते."

आतून व्हर्नने बर्निसचं नाव ऐकलं. "तिचा फोन का? देवा! क्लेम, लेका, तुझ्या पाया पडतो, माझं लग्न मोडेल! आइस्क्रीम एक वर्ष चाललं, हे तर मी मरेपर्यंत चालेल!"

त्याच्या आवाजात आता खरी भीती होती. क्लेम उठला. नॉर्बने त्याची बाही धरली. तो पुन्हा बसला.

बर्निस जिना उतरली ती निळा रेशमी पोशाख, मोत्यांची माळ आणि हातात स्वतःचा स्क्रू-ड्रायव्हर अशा थाटात. पहिल्या दोन फलंदाजांनंतरच जीव जाळायला नको म्हणून तिने रेडिओ बंद केला होता, त्यामुळे तिला काहीच पत्ता नव्हता. "सरका," एवढंच ती म्हणाली. टीव्हीपुढून ते दोघं सरकले नाहीत, पण पाय आवरून त्यांनी तिला वाट दिली. तिने तीन स्क्रू काढले, दार खांद्याने रेटलं, आणि दोन बोटं फट पडली. फटीत व्हर्नचा एक डोळा दिसला, पाण्याने भरलेला.

"बर्निस! माझी शहाणी बायको! मी कागदसुद्धा पाठ केला."

मागे टीव्हीवरून पंचांचा आवाज आला. चेंडू वाईट. पुन्हा वाईट. पुन्हा वाईट. बर्निसने वळून बघितलं. नवांपैकी आठवी इनिंग, तिघांपैकी दोन बाद. पडद्याच्या खालच्या ओळीत हिटच्या खान्यात शून्य. तिने त्या शून्याकडे बघितलं, मग क्लेमकडे, मग नॉर्बकडे. दोघांनी मान खाली घातली.

"हा आत कधी गेला?"

"पहिल्या इनिंगला," नॉर्ब पुटपुटला. "कुणीही बाद व्हायच्या आधी."

बर्निसने दार शांतपणे पुन्हा ओढून घेतलं.

"बर्निस? अगं! आज आपला चाळिसावा..."

"चाळीस वर्षं मी थांबले. तू चार आउट थांब."

टीलने पुढचा चेंडू झकास टाकला. आत व्हर्न बोटांवर हिशेब करायला लागला. व्हर्न अडाणी नव्हता. चार आउट राहिलेत, बायको चिडलेली नाही, आणि तिघांपैकी कुणी शिव्या देत नाही, एवढ्यावरून त्याला काय ते कळलं.

"बर्निस," आतून अगदी बारीक आवाज आला, "मी उभा राहू की बसू?"

"आत्तापर्यंत काय करत होतास?"

"जास्त करून बसलो होतो."

"मग बस."

"चीज खाऊ का?"

"मघाशी खाल्लंस ना? मग खा."

शेवटचा फलंदाज बाद झाला तेव्हा चौघं एकदम ओरडले, तिघं बाहेर आणि एक आत. आता सांगायला हरकत नाही, त्याला नो-हिटर म्हणतात. क्लेमने लाथ घालून दार उघडलं आणि व्हर्न बाहेर येऊन बर्निसच्या गळ्यात पडला. क्लबात ते तासभर उशिरा पोचले. पण सेहेचाळीस पाहुण्यांपैकी एकही टेबलावर नव्हता. सगळे बारच्या टीव्हीपुढे टील टील म्हणून नाचत होते. व्हर्नचं भाषण फार चांगलं झालं. त्यात बर्निसचं नाव पाच वेळा आलं आणि टीलचं सात.

मंगळवारी संध्याकाळी बातमी आली. रविवारच्या पराक्रमाने टीलचा भाव असा वधारला, की टीमने त्याला देऊन दोन तयार पिचर मिळवले. आणि दिला कुणाला, तर शिकागोला!

"झालं ना तुझ्या मनासारखं?" नॉर्ब फोनवर म्हणाला.

"माझ्या मनासारखं?" व्हर्न तडकला. "लेका, ते रविवारच्या आधीचं मन! मी अडीच तास संडासात बसलो तो काय पोराला शिकागोला पोचवायला? त्याला घडवलाय मी!"

बर्निसने रविवारचा अर्धा राहिलेला स्कोअर पेपरात बघून पुरा केला होता. तिने वहीतलं रविवारचं पान जपून फाडलं आणि फ्रिजवर लावलं. व्हर्न रात्री जेवला नाही. दोघांनी पहिल्यांदाच एका पिचरसाठी एकत्र सुतक पाळलं.

पुढच्या रविवारी शिकागोची टीम मिलवॉकीला आली आणि तिच्याकडून टील उतरला. व्हर्न क्लेमकडे आला तो बर्निसला घेऊन. ती त्या तळघरात सामना बघायला कधीच येत नसे. तिच्या हातात लग्नाच्या वाढदिवसाचा उरलेला केक होता आणि खांद्याला मोठी पिशवी. क्लेमला जरा नवल वाटलं, पण केक बघून त्याने विचारलं नाही. बाथरूमच्या दाराला त्याने नवीन मूठ अजून बसवली नव्हती. कोण बसवेल?

चौथी इनिंग संपली तेव्हा मिलवॉकीच्या हिटच्या खान्यात शून्य होतं. नॉर्बने वहीतून मान वर काढली.

"क्लेम, हे दोघं कुठं गेले?"

सोफा रिकामा होता. बाथरूमच्या दाराखालून उजेड येत होता. क्लेमने धावत जाऊन दारावर थापा मारल्या.

"व्हर्न! बाहेर ये! ताबडतोब बाहेर ये!"

"दार अडकलंय," आतून व्हर्न म्हणाला.

"खोटं बोलू नकोस! अरे, तू आपल्या टीमचा ना?"

"आहेच. जिंका की तुम्ही, मी कुठं नाही म्हणतो? फक्त आमच्या पोराला मारू नका."

"हे माझं घर आहे! माझा संडास आहे! नॉर्ब, माझा स्क्रू-ड्रायव्हर कुठाय?"

नॉर्बने सगळे खण उपसले. स्क्रू-ड्रायव्हर सापडला नाही.

"क्लेम, आरडाओरडा करू नकोस," आतून बर्निसचा आवाज आला, अगदी प्रेमळ. "रेडिओ ऐकू येत नाही. आणि स्क्रू-ड्रायव्हर शोधू नकोस, तो माझ्या पिशवीत आहे. त्यापेक्षा चीज असेल तर चार फोडी सरकव. दोन याला, दोन मला."