पोटातली मंडळी

गजाभाऊ भेटला की राम राम म्हणत नाही. "पोटातली मंडळी बरी हायत ना?" असं विचारतो. मांडव्याच्या जेटीवर उतरलेल्या एका सुटाबुटातल्या साहेबालाही त्यानं हेच विचारलं. साहेब बॅग पोटाशी धरून पळाला.

हा माझा शेजारी. मी मिठागरातला माणूस, चौथीपर्यंत शिकलेला. तो तालुक्याच्या कॉलेजात शिपाई होता. तीस वर्षं प्रयोगशाळेतल्या काचा धुतल्या. सर जेवायला गेले की हा मायक्रोस्कोपला डोळा लावायचा. तिथं त्याला दह्यातले जंतू दिसले आणि माणूस कामातून गेला. लग्नही केलं नाही. गाव म्हणतं, जंतूंशीच संसार मांडला.

एकदा ओहोटीला मला ओढत खडकावर घेऊन गेला. खडकाला चिकटलेली कालवं दाखवून म्हणाला, "आतड्याला आतून बुळबुळीत थर असतो. दह्यातला जंतू जाऊन तिथं असाच धरतो. काहींना तर केसांपेक्षा बारीक हात असतात. चांगल्यानं जागा धरली की वाईटाला बसायला मिळत न्हाय."

"म्हणजे माझं आतडं ह्या खडकासारखं?"

"खडक दिवसातून दोनदा धुतला तरी जातो."

मग एक कालव बोटानं हलवून बघत म्हणाला, "पण समदे टिकत न्हाईत रे. बरेच पोटातल्या आंबटातच मरतात. पोचतात तेही चार दिवस राहून निघून जातात. म्हणून रोज पाठवायचे."

एवढं शिकलेल्यांनाही सोपं करून सांगता येत नाही. हा सांगतो.

माझ्या पार्वतीच्या दह्यावर त्याचा फार जीव. लग्नात ती माणगावहून, माहेरून विरजण घेऊन आली होती. तेच रोज लावायची. गजाभाऊ वाटी घेऊन दारात उभा. "वैनी, तुमच्या दह्यातली मंडळी खानदानी."

"भावजी, खाता की नुसती पूजा करता?"

तो हसायचा आणि वाटी झाकून घरी न्यायचा. त्याच्या अंगणातली मांजरं मात्र गावात सगळ्यात लठ्ठ.

गेल्या वर्षी पार्वती गेली. रीतीप्रमाणं बायकांनी घरातलं शिजवलेलं अन्न, भरलेलं पाणी ओतून दिलं. त्यात दह्याचं भांडंही गेलं. तिसऱ्या दिवशी मी लेकीकडं भातावर दही मागितलं, तेव्हा दोघांच्याही ध्यानात आलं. लेक रडायला लागली. मी म्हटलं, रडू नको, दह्यानं काय होतंय. खोटं बोललो.

मग लेक सासरी गेली. मला ताप आला, डॉक्टरानं गोळ्या दिल्या. ताप गेला आणि पोट बिघडलं. दुकानातलं दही आणून विरजण लावलं. लागलं, पण तिचं नव्हतं. फेकून दिलं. चहा न् बटरवर राहिलो. दाराला आतून कडी.

एका सकाळी गजाभाऊनं कडी वाजवून वाजवून मला उठवलं. हातात मडकं.

"खा."

"नको मला तुझी मंडळी."

"माझी न्हाईत. वैनींची हायत."

ती दवाखान्यात गेली त्या दिवशी सकाळी नेलेली वाटी. तेव्हापासून हा रोज दूध आणून त्याच विरजणानं दही लावत होता. एक दिवस चुकला नाही.

"मग इतके दिवस सांगितलं का न्हाईस, गाढवा?"

"चारदा आलो. तू कडी काढली न्हाईस."

मी चमचा तोंडात घातला. तोच आंबटपणा, मागून तीच जराशी गोडी. मी भिंतीकडं तोंड केलं. तो बाहेर समुद्राकडं बघत बसला.

थोड्या वेळानं म्हटलं, "तूही घे."

"मला दूधदही पचत न्हाय. जन्मापासून."

"मग एवढी वर्षं वाटी नेत होतास ती?"

"मांजरांना."

"मग यायचास कशाला?"

त्यानं मडक्यावरचं फडकं घेतलं, घडी केली, मोडली, परत घडी केली. "वैनी विचारायच्या, भावजी, जेवलात का. दुसरं कोण विचारतं?"

जन्मभर दुसऱ्याच्या पोटाची चौकशी करणारा हा माणूस. त्याला जेवलास का, हे मी शेजारी असून कधी विचारलं नव्हतं.

"जेवलास?" मी म्हटलं.

"न्हाय."

मी उठलो आणि तांदूळ धुवायला घेतले. दोघांचे.