खुर्ची रिकामी जाता कामा नये

सगळं बिघडलं ते एका टिचकीने. आईबाबांना सुट्टीवर पाठवायचं म्हणून मुलाने तिकिटं काढली. आधी विमान, मग बोट, मग आगगाडी. काढता काढता 'प्रवाशाला मदत हवी का?' या प्रश्नापुढच्या चौकोनात त्याने सहज टिचकी मारली. हेतू चांगला होता. (घरात जास्त नुकसान चांगल्या हेतूची माणसंच करतात.)

बाबा म्हणजे शाळेतले निवृत्त कवायत मास्तर. वय सत्तर, छाती पुढे, गळ्यात अजून शिट्टी. घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. मुलाने कधीपासून टुमणं लावलं होतं, की आता तळमजल्यावर चला. शेवटी मास्तरांनी ठणकावलं, "या प्रवासात मी कुठे लटपटलो, तर तू दाखवशील त्या बिळात राहीन. नाही लटपटलो, तर हा विषय कायमचा बंद!"

"कबूल," मुलगा म्हणाला होता.

आणि विमानतळाच्या दारातच एक मुलगी व्हीलचेअर घेऊन हजर! हातात मास्तरांच्या नावाची पाटी.

"बसा आजोबा."

"कुणाचे आजोबा?" मास्तर कडाडले. नुसतं कडाडून भागेना, म्हणून बॅग बायकोच्या हातात देऊन त्यांनी तिथेच बैठका मारायला सुरुवात केली. (एक सुरक्षारक्षक जवळ येऊन उभा राहिला. तो कौतुक करायला आलेला नव्हता.)

मुलगी रडकुंडीला आली. "पण सर, खुर्ची रिकामी परत नेली तर साहेब मलाच बोलतात."

बायकोचे पाय ठणठणीत होते. तिने खुर्चीकडे पाहिलं, मुलीच्या तोंडाकडे पाहिलं, बॅग मांडीवर घेतली आणि ऐसपैस बसली.

"अगं, ऊठ! तत्त्वाचा प्रश्न आहे!"

"तुम्ही तत्त्वाने चाला. मी तत्त्वाने बसते."

ढकलायला मात्र मास्तरांनी त्या मुलीला हात लावू दिला नाही. परक्याने ढकललं तर ती मदत. नवऱ्याने ढकललं तर तो संसार. विमानापर्यंत त्यांनी संसार असा दामटला, की मुलगी मागून पळत होती.

विमानातून उतरून धक्क्यावर गेले, तर तिथेही खुर्ची. टिचकी समुद्रापर्यंत पोचली होती. बायको आता न सांगताच बसली. बोटीवर चढायची फळी अरुंद आणि हलती, त्यामुळे दोन खलाशांनी खुर्ची उचलायला हात घातला. मास्तरांनी त्यातल्या एकाला बाजूला सारलं. "मागची बाजू माझी!"

उचलली. वर ठेवली. ठेवताना 'कट्' असा आवाज आला.

"काय वाजलं हो?"

"फळी."

"फळी तिकडे राहिली. आवाज तुमच्यातून आला."

"जुनी फळी आहे!" मास्तर ओरडले. आवाज जरा पातळ झाला होता.

पूर्ण वेळ ते बोटीच्या कठड्याला धरून उभे होते. लोकांना वाटलं, काय समुद्राची आवड! खरी गोष्ट अशी, की त्यांना खाली बसता येत नव्हतं.

स्टेशनवर तिसरी खुर्ची दिसली, तेव्हा मास्तरांना तिला मिठी मारावीशी वाटली. आपल्यासाठी नव्हे, छे! पण दांड्यांवर भार टाकला की माणूस उभा राहू शकतो, हे त्यांच्या ध्यानात आलं होतं. "बस," ते बायकोला घाईने म्हणाले. "लवकर बस!"

ती बसली. मास्तर वाकून, दात आवळून ढकलू लागले. गर्दीतून एका बाईंनी हटकलं, "अहो, ह्यांना सोडून झालं की आमच्या सासूबाईंना घ्या हं."

मास्तर काही बोलायच्या आत खुर्चीतून उत्तर गेलं, "घेतील, घेतील. माणूस विश्वासू आहे."

तेवढ्यात मुलाचा व्हिडिओ कॉल आला. बायकोने फोन वर धरला.

"अरे वा, बाबा! तुम्ही तर जिंकलात!" आणि मग त्याचा चेहरा पडला. "पण आई, तू खुर्चीत? तुला चालवत नाही? मग तिसरा मजला काय कामाचा? परवाच घर बघतो."

बायकोच्या डोळ्यांपुढे तिची खिडकी आली, गॅलरीतल्या कुंड्या आल्या, समोरच्या मैत्रिणीशी दारातल्या दारात होणाऱ्या गप्पा आल्या. "मला काय धाड भरलीये?" म्हणत ती ताडकन उठली आणि फोन समोर धरून फलाटावर टणाटण उड्या मारू लागली. "बघ! बघ!"

खुर्ची एकदम हलकी झाली. मास्तरांचा सगळा भार दांड्यांवर होता. खुर्ची गर्रकन फिरली, मास्तर तिच्याबरोबर फिरले आणि जिथे जागा होती तिथे धपकन बसले.

"अगं बाई, हमालच बसला!" सासूबाईंची सून म्हणाली.

मुलाने फोनमधून विचारलं, "बाबा, हे काय?"

"खुर्ची तपासतोय!" मास्तर गरजले.

"बरं," मुलगा शांतपणे म्हणाला. "आई राहील तिसऱ्या मजल्यावर. तुमच्यापुरती तळमजल्यावर एक खोली बघतो."

निषेध म्हणून मास्तर तडक उठणार होते. पाठीने परवानगी दिली नाही. बायकोने फोन बंद केला, मागे जाऊन दांडे धरले आणि खाली वाकून विचारलं, "आता?"

मास्तरांनी छाती पुढे काढली, शिट्टी फुंकली आणि खुर्चीतूनच हुकूम सोडला, "पुढे चल!"