एकशे सदतीस छिद्रांची मोहीम

मामीसाहेबांनी पुसिले की, गुरुवारी दुपारचा डबा जैसा धाडिला तैसा, झाकणही न उघडता घरी परत का आला, त्याची खरी हकिकत कळावी. त्यास, गल्लीत या प्रकरणाच्या तीन हकिकती फिरत आहेत आणि तिन्हींमध्ये मामांचे डोळे गेले ऐसे बोलिले जाते. सबब जे घडले ते आरंभापासून शेवटपर्यंत, पदरचे काही न घालता, येथे लिहिले आहे. ते वाचावे आणि मग डब्याविषयी जे बोलणे ते बोलावे.

मामा म्हणजे लाँड्रीतील रफूगार. खिडकीजवळचे मेज, त्यावर सुयांची डबी, मेणाचा गोळा आणि एक भिंग, इतका मुलुख चाळीस वर्षे त्यांच्या अमलाखाली होता. सिगारेटीने जळालेले कोट, उंदरांनी कुरतडलेल्या शाली, खिळ्याने फाडलेल्या विजारी, ऐसे गनीम त्यांनी किती जेर केले यास गणती नाही. भोक दिसले की बुजवावे, हा त्यांचा एकच कायदा. मग मालक थकले आणि दुकानाचा कारभार त्यांच्या सूनबाईंकडे आला. सूनबाई मनाच्या वाईट नव्हेत, परंतु कारभार नवा आणि करारी. त्यात मागील महिन्यात मामांनी निळ्या विजारीस काळ्या दोऱ्याने रफू केले आणि गिऱ्हाइकाने भर दुकानात आकांत मांडिला. त्या दिवशी खिडकीस रंग देणे चालले असल्याने मामा आतील पिवळ्या दिव्याखाली बसले होते, ही गोष्ट कोणी ध्यानी घेतली नाही, आणि मामांनी मानापोटी सांगितली नाही. तशातच वाफेचे नवे यंत्र खरेदी झाले, त्यास जागा हवी जाहली, आणि जागा पाहता खिडकीचीच नजरेत भरली. मग फर्मान सुटले की, आणखी एक चूक घडल्यास मामांनी खिडकी खाली करून घरी आराम करावा. मामांनी ते ऐकिले आणि दोन वेळा चष्मा पुसला. मनातून ते फार भ्याले होते. सुई हातून गेली तर दिवसभर या हातांचे करायचे काय, हा प्रश्न त्यांनी मामीसाहेबांपुढेही काढिला नाही.

ऐशा समयी गुरुवारी सकाळी दहाच्या सुमारास वकीलसाहेब खासे दुकानी दाखल झाले. बरोबर एक टाय. रंग गडद निळा, कापड अस्सल रेशीम, आणि मधोमध चहाचा डाग. एका थोर न्यायाधीशांचा निरोपसमारंभ सायंकाळी सहा वाजता, निमंत्रणात गडद सूट आणि टाय सक्तीचा, सबब पाच वाजता माल तयार पाहिजे, ऐसे बजावून ते गेले. डाग अकराच्या आत निघाला. मग ओल्या रेशमास वाफ लागू नये म्हणून सूनबाईंनी तो टाय मामांच्या मेजावर पसरला आणि एक शब्द न बोलता त्या गिऱ्हाइकांकडे गेल्या. पुढील सर्व अनर्थाचे मूळ त्या न बोललेल्या शब्दात आहे.

मामांनी टाय उचलून उजेडात धरिला, तो काय पाहतात, टायास भोके. एक नाही, दोन नाही, खालपासून वरपर्यंत, बारीक बारीक, जणू कसरीने जन्मभर याच टायावर गुजराण केली. मामांनी टाय उलटून दुसरी बाजूही पाहिली. मग विचार करिता उलगडा जाहला की, ही परीक्षा होय. आपली नजर पाहण्यास सूनबाईंनी मुद्दाम ही चाळण धाडिली. आणि आनंद ऐसा की, भिंग न घेता एकूण एक भोक दिसत होते. सूनबाईंस विचारावे, ऐसे क्षणभर मनात आले. परंतु परीक्षेस बसलेल्याने परीक्षकास उत्तर पुसावे, ही कोठली रीत? मग त्यांनी निळे रेशीम काढिले, खिडकीशी तीन वेळा धरून रंग ताडून पाहिला, दोऱ्यास मेण लाविले, आणि टायाच्या टोकाकडून हल्ला चढविला. मेजावर डबा येऊन बसला, तिकडे लक्ष गेले नाही. एक वाजेतो एकशे सदतीस छिद्रे बुजली. आकडा मामांनी स्वतः मोजिला आहे.

सूनबाई टाय नेण्यास आल्या आणि जागीच थबकल्या. वरचा टाय जाळीदार आणि टोक पत्र्यासारखे गच्च.

"मामा, हे काय केलंत?"

"एकशे सदतीस झाली," मामा म्हणाले. "वर अजून बरीच आहेत. पण पाचच्या आत आटपतो."

सूनबाई स्टुलावर बसल्या.

मग मसलतीस समोरचे शिंपीबुवा पाचारिले. शिंपीबुवांनी आयुष्यात थोरामोठ्यांचे सूट शिवलेले, सबब गळ्याच्या राजकारणात त्यांचा शब्द अखेरचा. त्यांनी टाय बोटांवर घेतला, डोळे मिटले आणि निवाडा दिला की, यास ग्रेनाडीन म्हणतात, भोके ही यास पडलेली नसून विणलेली आहेत, आणि गिऱ्हाइकाने त्या भोकांचेच दाम मोजिले आहेत. यात दोन कुळे. मोठ्या जाळीचे ते ऐसपैस. जाड कापडाचा कोट घालून दुपारी मित्रमंडळीत बसावे, तेथे ते शोभते. बारीक जाळीचे ते अदबीचे. कचेरी, सभा, निरोपसमारंभ, सर्वत्र त्यास मुजरा. हा टाय बारीक जाळीचा. मामा खाली मान घालून ऐकत होते. चाळीस वर्षे कापड हाताळून ही वीण आपणास ठाऊक नसावी, याची त्यांस चुकीहून अधिक लाज वाटली.

सूनबाईंनी पुसिले की, बदली टाय देऊन निभावेल काय? शिंपीबुवांनी आपल्या कपाटातून दोन टाय आणविले. पहिला चकचकीत साटीनचा. तो गुळगुळीत म्हणून दर्जाने वरचढ खरा, परंतु निरोपाच्या सभेत ऐसा झळकेल की न्यायाधीश राहतील बाजूस आणि लोक वकिलांनाच हार घालतील. तो रद्द. दुसरा ग्रेनाडीनच, परंतु मोठ्या जाळीचा आणि विटकरी. तो घालून गेल्यास वकील सहलीहून परस्पर आले ऐसे दिसेल. तोही रद्द. सूनबाई म्हणाल्या की, म्हणजे माणसाची इज्जत गळ्यातील भोकांच्या मापावर? शिंपीबुवांनी गंभीरपणे होय म्हणून सांगितले आणि चहा मागविला. चहा टायापासून दूर ठेविला गेला.

राहता राहिली एक तजवीज. जे बुजविले ते उकलावे. परंतु येथे मामांची कारागिरीच मामांवर उलटली. रंग ऐसा तंतोतंत जुळला होता की निळ्यात निळा कोणता आपला, कोणता मूळचा, हे शिंपीबुवांस दिसेना, सूनबाईंस दिसेना, आणि मामांसही दिसेना. चुकीचा धागा कापिला तर सर्वस्व बुडाले. घड्याळात दीड वाजून गेला होता.

तेव्हा मामांनी शिंपीबुवांस एकच प्रश्न केला की, इतकी भोके असून हे कापड विसकटत का नाही? शिंपीबुवांनी सांगितले की, यात उभे धागे जोडीने चालतात आणि प्रत्येक आडव्या धाग्याशी एकमेकांस पीळ घालून त्यास मधे पकडतात, सबब जागचा कोणी हालत नाही. मामांनी मान डोलाविली. मग भिंग बाजूस सारिले, चष्माही उतरविला, आणि सुईच्या टोकाने एकेक धागा हलके ओढून पाहू लागले. जो सरकेल तो आपला मेणाचा, जो सरकणार नाही तो मूळ विणकराचा. येणेप्रमाणे पहिले भोक मोकळे जाहले, मग दुसरे, मग दहावे, आणि मामा मनाशी आकडा बोलत उलटे चालले. सूनबाई गिऱ्हाइके सोडून शेजारी उभ्या राहिल्या आणि निघालेले धागे चिमटीने उचलू लागल्या. डब्याची आठवण कोणासही राहिली नाही.

चार वाजून गेले तेव्हा एका ठिकाणी सुई अडली. मामांनी आपला धागा काढिला तो खाली जोडी नव्हती. एक धागा तुटलेला होता, आणि तो आजचा नव्हे, टोके जुनी झिजलेली. म्हणजे एकशे सदतीस भोकांत एक भोक खरोखरच भोक होते. पुन्हा बुजवावे तर जाळीत डाग दिसेल, उघडे ठेवावे तर उद्या फाटेल. मामांनी शेजारची शाबूत जोडी सुईच्या टोकाने उचलून तिचा पीळ पाहिला. मग त्यांनी तुटल्या धाग्यास नवा जोडून शेजारच्याशी पीळ दिला, आडवा धागा त्यात पकडिला, आणि मधे जागा राखिली.

पाचाच्या ठोक्यास वकीलसाहेब आले. टाय पाहिला, डाग नाही म्हणून संतोषले, आणि घडी घालता घालता त्यांचा अंगठा टोकाशी अडला. सूनबाई लगबगीने पुढे आल्या.

"इथं घड्याळाच्या पट्ट्यात अडकून धागा तुटला होता," वकीलसाहेब म्हणाले. "वर्षभर कोटाखाली लपवत होतो. तीन ठिकाणी दाखवलं, सगळे म्हणाले, ही वीण दुरुस्त होत नाही. हे कुणी केलं?"

सूनबाईंनी खिडकीकडे बोट केले. वकीलसाहेबांनी पुढे होऊन मामांचा हात हाती घेतला, आणि हात सुटताच मामांनी चष्मा पुसला.

ते गेल्यावर सूनबाई मेजाशी आल्या. "मामा, खरं सांगा. डोळ्यांना नीट दिसतं ना?"

"सूनबाई, दिसली म्हणून तर बुजवली."

सूनबाई हसल्या, आणि हसता हसता त्यांच्या डोळ्यांत पाणी आले. मग हुकूम जाहला की, यंत्र जिन्याखाली जाईल, खिडकी मामांकडे कायम, आणि मेजावर वस्तू ठेवणाराने तोंडाने सांगितल्याखेरीज ठेवू नये.

सबब मामीसाहेबांस कळावे की, त्या दिवशी डोळे शाबूत होते, भूक मात्र हरपली होती. मोहीम फत्ते जाहली. छिद्रे बुजविली एकशे सदतीस, पुन्हा उघडी जाहली एकशे सदतीस. पैकी एकशे छत्तीस मूळ विणकराची, आणि एक, चाळीस वर्षांत पहिलेच, मामांनी स्वहस्ते विणिलेले.