रुखवत, ओळ क्रमांक २१४

माणसाला आधी गरज पडते आणि मग तो वस्तू शोधतो, असा एक जुना गैरसमज आहे. प्रत्यक्षात आधी यादी लागते. ती वरून खाली वाचत गेलं की आपल्या घरात काय काय कमी आहे ते कळतं.

मुलुंड पूर्वेच्या आमच्या सोसायटीत अशी यादी गेली दोन वर्षं आहे. तिला सगळे 'शीट' म्हणतात. चीनमधल्या ज्या दुकानांतून आपल्याला थेट खरेदी करता येत नाही, तिथल्या वस्तूंचे फोटो, लिंक आणि वजनं तिच्यात मांडलेली असतात. आपण फक्त ओळीचा नंबर सांगायचा. तिकडे मिस लिली नावाची एजंट ती वस्तू विकत घेते, गोदामात ठेवते, तिचा फोटो पाठवते आणि विचारते, माल ठीक आहे का? हो म्हटलं की पार्सल निघतं. नाही म्हटलं तर पाच दिवसांत माल दुकानाला परत जातो. (ही दुसरी सोय आमच्याकडे अजून कोणी वापरलेली नाही.)

आजमितीस शीटमध्ये एक हजार तीनशे बारा ओळी आहेत. त्यांपैकी गरजेच्या वस्तू चार, आणि त्यांतली एक सध्या संपलेली आहे. सोसायटीतल्या छप्पन बिऱ्हाडांपैकी एकोणपन्नास घरांत विजेवर लिंबू पिळायचं यंत्र आहे. उरलेल्या सात घरांत दोन-दोन आहेत.

शीट सांभाळतात नंदकुमार घाडीगावकर. त्यांनी मरोळच्या एका कारखान्यात एकतीस वर्षं माल तपासला. केसाएवढा फरक दिसला तरी ते अख्खी पेटी बाजूला काढायचे, आणि मालक त्यांना घाबरायचा. असा तज्ज्ञ माणूस लाभल्यामुळेच लिलीचे फोटो आम्ही डोळे मिटून मंजूर करू शकतो. मंजुरीचा शेरा ठरलेला आहे, 'चालेल'. उत्तम आहे, बरं आहे, वाईट आहे, आणि आता कोण भांडत बसणार, हे चारही दर्जे या एका शब्दात बसतात. लिलीशी सगळा पत्रव्यवहार भाषांतराच्या ॲपमधून होत असल्याने गैरसमजाला जागाच राहत नाही.

यंदा तिसऱ्या मजल्यावरच्या रत्नप्रभा परबांच्या श्रुतिकाचं लग्न ठरलं. रत्नप्रभाबाईंचा हात म्हणजे काय सांगावं! सोसायटीतल्या बावीस मुलींचं रुखवत त्यांनी मांडलं. मोत्यांचं तुळशीवृंदावन, सुपारीचे भटजी, लोकरीची बैलगाडी, सगळं हाताने. नवऱ्यामुलाच्या आत्या, चेंबूरच्या अंजनाबाई, साखरपुड्यातच म्हणाल्या होत्या, "आमच्याकडे रुखवत विकतचं चालत नाही हां. आईच्या हातचं पाहिजे." रत्नप्रभाबाई म्हणाल्या, "म्हणजे काय, घरचंच असणार."

त्यांची बोटं वर्षभरापासून वाकडी झाली होती. संधिवात. सुई धरायला गेल्या की सुई खाली आणि डोळ्यांत पाणी. हे त्यांनी लेकीलाही सांगितलं नव्हतं. नंदकुमारांना मात्र जिन्यात गाठून म्हणाल्या, "भावजी, शीटमध्ये बघा ना. हाताने केल्यासारखं दिसलं म्हणजे झालं."

ओळ क्रमांक २१४: 'महाराष्ट्रीय आनंदी विवाह संच, नऊ नग'. नवरा, नवरी, भटजी, अंतरपाट धरणारे दोघे, मामा आणि तीन बँडवाले. आठवड्यात लिलीचा फोटो आला. संच देखणा होता. फक्त मुंडावळ्या नवऱ्याऐवजी भटजींच्या कपाळाला बांधलेल्या होत्या.

नंदकुमारांनी चष्मा पुसला, फोटो मोठा केला आणि फार वेळ बघितला. एकतीस वर्षांचा अनुभव त्यांच्या कपाळावर उमटला. मग ते म्हणाले, "परत पाठवू या?"

"नको हो. लग्नाला अठरा दिवस राहिले. त्या मी काढून नवऱ्याला बांधीन," रत्नप्रभाबाई म्हणाल्या आणि हात पदराखाली घेतले. "चालेल."

ॲपने त्याचं चिनी भाषेत चोख भाषांतर केलं: 'ती पायाने चालेल.' लिली चक्रावली असावी. तिचं उत्तर आलं, 'प्रिय, नवरी उभी बाहुली आहे. चालायला मोटार हवी. टाळीने सुरू होणारी आहे. जोडू का?' तोवर दुसऱ्या बासष्ट मालांचे फोटो येऊन पडले होते. नंदकुमारांनी घाईत सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं, 'परबवहिनींच्या मालात लिली काहीतरी जास्तीचं जोडतेय. चालेल ना?' अकरा जणांनी उत्तर दिलं, 'चालेल.' (त्यांतला आठवा प्रस्तुत लेखक.)

लग्नाच्या दिवशी रुखवत हॉलच्या दाराशी मांडलं होतं. मुंडावळ्या भटजींनाच होत्या; रत्नप्रभाबाईंच्या बोटांना गाठ सुटली नव्हती. अंजनाबाई चष्मा लावून एकेक वस्तू बघत टेबलापाशीच रेंगाळल्या होत्या, आणि रत्नप्रभाबाई त्यांच्या बाजूला हात पदराखाली घेऊन उभ्या होत्या. मंगलाष्टकं संपली, अक्षता पडल्या, अख्ख्या हॉलने टाळ्या वाजवल्या.

टेबलावरची नवरी चालू लागली. तिने अंतरपाट आडवा पाडला, नवऱ्याला बगल दिली आणि सरळ भटजींपाशी जाऊन थांबली.

"नवरी चुकली नाही," अंजनाबाई म्हणाल्या. "मुंडावळ्या त्यालाच आहेत." मग चष्मा काढून त्यांनी विचारलं, "विहीणबाई, हे तुम्ही हाताने केलंत?"

रत्नप्रभाबाईंना हो म्हणता आलं असतं. त्या म्हणाल्या, "नाही ओ. विकतचा आहे. माझ्यान् आता सुई धरवत नाय." आणि पदराखालचे हात बाहेर काढून दाखवले. पोरीच्या लग्नात एवढं एकच आपल्या हातचं द्यायचं होतं, असं म्हणून त्या सगळ्यांदेखत रडल्या.

अंजनाबाईंनी ती बोटं आपल्या हातात घेतली. बराच वेळ दाबत राहिल्या. मग म्हणाल्या, "अहो, रडता काय अशा? चालेल."

आम्हालाही त्या वेळी भरून आलं, आणि या शब्दाबद्दल फार आदर वाटला.

नंदकुमारांनी कर्तव्य म्हणून चालत्या नवरीचा व्हिडिओ लिलीला पाठवला आणि खाली लिहिलं, 'नवरी चुकीच्या माणसाकडे गेली, पण सर्वांना चालली.' लिलीने तो आपल्या वरिष्ठांना दाखवला. दोन दिवसांनी पत्र आलं. 'प्रिय, आमच्या कंपनीने अभ्यास केला. दोन वर्षांत तुमच्याकडून एकही माल परत नाही. इतर देशांनी नाकारलेला माल आता स्वतंत्र दर्जा म्हणून मुंबई उपनगरांत पाठवू. दर तोच.' दर्जाचं नाव त्यांनी आमच्याच शेऱ्यावरून ठेवलं आहे.

हा दर्जा अंधेरी, बोरिवली, घाटकोपर आणि मुलुंडमधल्या सर्व पत्त्यांना लागू झाला आहे. कोणाला मान्य नसल्यास शीटच्या शेवटच्या रकान्यात सात दिवसांत हरकत नोंदवायची होती. मुदत गेल्या शुक्रवारी संपली. आम्ही रकाना नीट तपासला. तुमची हरकत आलेली नाही.