अठरा नंबर क्वार्टरचं तोरण

यंदा हिवाळ्यात घर मी सजवणार, असं मी जाहीर केलं तेव्हा बायकोचं, म्हणजे रिताचं, लाटणं जागच्या जागी थांबलं. (माझ्या घोषणांना आमच्या घरी एवढा मान आहे असं समजू नका. पोळी फाटली होती.)

कारण असं, की आई येणार होती. आई म्हणजे सत्यभामाबाई, मुक्काम आसगाव. जवाहरनगरच्या आमच्या फॅक्टरीच्या क्वार्टरात ती दोन रात्रींच्या वर कधी टिकली नाही. तिसऱ्या सकाळी पिशवी भरते आणि म्हणते, "मन लागत नाही रे बाबू. इथं दाराले दार लागलं, पण माणूस दिसत नाही." मागच्या थंडीत ती गावी चार दिवस तापाने पडून होती. आम्हाला ते संक्रांतीला कळलं, तेही शेजारच्या शकुनबाईंकडून. तेव्हापासून माझ्या पोटात जी भीती बसली ती बसलीच. यंदाची थंडी तिने आमच्याकडे काढावी, एवढंच मला हवं होतं.

रिता मोबाईलवर प्लॅस्टिकच्या माळा बघून ठेवत होती.

"प्लॅस्टिक?" मी म्हणालो. "अगं, मी शेतकऱ्याचा मुलगा! धानाच्या लोंब्या, तणीस, पळसाची पानं. आईले दारातच आसगाव दिसलं पाहिजे."

"तुमच्यानं खिळा तरी ठोकणं होते का?" तिने विचारलं.

(शेतकऱ्याचा मुलगा मी आहेच. फक्त आठवीपासून होस्टेलवर होतो, आणि नंतर फॅक्टरीच्या ऑफिसात फाइली लावत बसलो. धान आणि तांदूळ यांतला फरक मात्र मला पक्का माहीत आहे.)

रविवारी मोटरसायकलने आसगाव गाठलं. आमच्या घराला कुलूप नावाची वस्तूच नाही, कडी लावली की झालं. आई शकुनबाईंच्या मळणीवर गेलेली. विचारावं म्हणून फोन लावला, तर तो आतल्या खोलीत तांदळाच्या डब्यातून वाजला. फोन घेऊन शेतावर गेलं तर तो हरवतो, असं तिचं मत आहे. आत गेलो तर आढ्याला दोरीने एक पेंडी टांगलेली. लोंब्या कशा, एकीसारखी दुसरी, टपोऱ्या, जणू कोणी एक-एक निवडून बांधल्यात. (निवडूनच बांधल्या होत्या. सांगतो.) घरचंच धान आहे, विचारायचं काय, असं म्हणून मी पेंडी सोडली, बाहेरच्या पेंढ्याच्या ढिगातली तणीस घेतली आणि आलो.

पुढचा आठवडाभर ऑफिसातून आल्यावर मी तणीस वळत होतो. सुकी तणीस मोडते, ओली केली तर सुटते. पहिलं गोल कडं दाराला लावलं तेव्हा शेजारचे चंद्रकुमार चहाचा कप घेऊन बाहेर आले.

"योगेंद्रभाऊ, दाराले चुंबळ काहून टांगली जी? डोक्यावर घागर घ्याची हाय का?"

ते माझ्या मनाला लागलं. मग मी डिंकाचा मोठा डबा आणला आणि लोंब्या अशा चिकटवल्या की वादळातही हलू नयेत. दाराला तोरण, गॅलरीला झालर, खिडकीला गोल. खरं सांगतो, छान झालं. रितासुद्धा म्हणाली, "बाई! हे तुम्ही केलं?" मी फोटो कॉलनीच्या ग्रुपवर टाकला आणि दिवसभर अंगठे मोजले.

दुसऱ्या दिवशी चार चिमण्या आल्या. मी रिताला म्हटलं, बघ, निसर्ग आपल्या दारी आला. तिसऱ्या दिवशी निसर्ग पन्नाससाठच्या थव्याने आला, खालच्या मजल्यावरचे वाळत घातलेले कपडे घाण करून गेला, आणि एक खार सोफ्याखाली मुक्कामाला राहिली.

अशातच आई आली. जिना चढतानाच सांगायला लागली.

"आपल्या घरी चोरी झाली रे योगेंद्र! जन्मात नाही झाली ते झाली. पहिले मले वाटलं, उंदरानं नेलं. पण उंदीर काही दोरीची गाठ सोडत नाही."

"काय नेलं आई?" रिता घाबरून म्हणाली.

"पेटी नाही उघडली, डबे नाही उघडले. नुसतं बिजाचं धान नेलं मेल्यानं. कोणता पापी असंन बाप्पा…"

आणि तिने वर पाहिलं.

मी त्या क्षणी कुठे बघत होतो ते मला आठवत नाही. आईने एक लोंबी हातात धरली, दाणा तोडून दाताखाली चावला. "चिन्नोर होय," ती म्हणाली. "तुह्या बाबाचं."

बाबांना जाऊन अकरा वर्षं झाली. या चिन्नोर धानाचं त्यांच्या हातचं शेवटचं बी आई विहिरीजवळच्या शेतातल्या एका बांधीत दरवर्षी पेरते, उभ्या पिकातून चांगल्या लोंब्या हाताने निवडते आणि पुढच्या सालासाठी आढ्याला टांगते. हे मला माहीत नव्हतं. मुलगा असून माहीत नव्हतं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. मला भरून आलं, आणि पाखरांनी पाडलेल्या लोंब्या परत लावताना डिंकाने चिकट झालेल्या हातांनी डोळेही पुसता येईनात.

"रडतं काहून?" आई म्हणाली. "सूप आण."

मग क्वार्टरात जे सुरू झालं त्याला मळणीच म्हणायचं. अर्ध्याहून जास्त पाखरांनी खाल्लं होतं. उरलेला एकेक दाणा नखाने डिंकातून सोडवायचा. खारीने नेलेले दाणे शोधायला मी टॉर्च घेऊन सोफ्याखाली पालथा. (खारीशी माझी तिथेच पहिली ओळख झाली.) आई गॅलरीत सूप मांडून बसली, हातात काठी, "हुर्र!" तो आवाज ऐकून आधी चंद्रकुमारांच्या मिसेस आल्या, मग खालच्या, मग समोरच्या. कोणी ताट घेऊन आली, कोणी शेंगदाणे. सहा वर्षांत ज्यांची नावं मला माहीत नव्हती, त्या बायका आईच्या बाजूला उन्हात बसून दाणे निवडत आपापल्या गावच्या गोष्टी सांगायला लागल्या. दोन रात्री झाल्या, पाच झाल्या. आईने पिशवी भरली नाही. मी रोज ऑफिसातून येताना खालूनच गॅलरीकडे बघायचो आणि ती दिसली की बरं वाटायचं.

संक्रांत इथेच झाली. बी सुकलं, एका लोट्याएवढं भरलं. "एका वाफ्याचे पऱ्हे होतीन," आई म्हणाली आणि लोट्याला फडकं बांधलं. (पऱ्हे म्हणजे लावणीची रोपं.) थंडीही ओसरली होती.

मी तिला मोटरसायकलवर गावी सोडायला निघालो. वाटेत धीर करून विचारलं, "आई, मन लागलं ना यंदा?"

"लागलं तर," ती म्हणाली. "पुढच्या हिवाळ्यात बी येतो मी."

मला आभाळ ठेंगणं झालं. तोरणाने नाही, निदान तोरणाच्या गोंधळाने तरी काम केलं म्हणायचं! तेवढ्यात पवनीच्या बाजारात तिने गाडी थांबवायला लावली आणि एका दुकानातून चांगलं दणकट कुलूप घेतलं. आमच्या घराचं पहिलं कुलूप. दोन किल्ल्या होत्या. एक तिने कमरेच्या बटव्यात टाकली.

दुसरीसाठी मी हात पुढे केला.

"हे शकुनले देतो," आई म्हणाली. "ते बिचारी काही सजवत नाही."