डावरा फौजदार

गुलाबच्या झग्याची डावी बाही तोंडाशी शिवून टाकली, त्याला सोळा दिवस झाले होते. ती आता बाही राहिली नव्हती, पिशवीच झाली होती, आणि आत चार वर्षांच्या पोरीची मूठ कोंडलेली. जेवायला बसलं की गुलाब उजव्या हातानं भाकरीचा तुकडा मोडायला बघायची. तुकडा ताटाबाहेर उडायचा, कालवणाचा ओघळ कोपरापर्यंत जायचा आणि चौथ्या घासाला पोरगी म्हणायची, "पोट भरलं." पोट कुठलं भरतंय? तिला थोपटताना आईचा, कमलचा, हात बरगड्यांवरून फिरायचा आणि तिथंच थांबायचा.

बाही शिवली होती कमलच्या सासूनं, धुरपदाबाईंनी. त्याला कारणही तसं घडलं होतं. अणदूरला खंडोबाच्या दर्शनाला गेले तेव्हा गुलाबनं डाव्या हातानं भंडारा उधळला, तो नेमका गल्लीतल्या भिमाबाईच्या डोक्यावर. भिमाबाई वाईट काही बोलली नाही. "नात डावरी हाय व्हय?" एवढंच विचारलं. पण विचारण्याचीही एक तऱ्हा असते.

"आत्याबाई, राहू द्या की," कमल एकदा भीतभीत म्हणाली होती. "मोठी झाली की सुधरंल."

"मोठी झाली की तिची सासू सुधरील," धुरपदाबाई म्हणाल्या. "आन् समद्या सासवा माझ्यावानी गरीब नसत्यात."

धुरपदाबाईंनी एकदा टाकलेला शब्द मागं घेतल्याचं गावात कुणाला आठवत नव्हतं. शेजारच्या चांगुणाशी त्यांनी एका वरवंट्यावरून अबोला धरला होता. वरवंटा झिजून गोटा झाला, अबोला तसाच टवटवीत होता.

अशात गावच्या दूध सोसायटीला वर्ष पुरं झालं. दोन सालं पावसानं पाठ फिरवलेली, जनावरं विकतच्या कडब्यावर, तरी गावानं एक दिवस खाडा न करता दूध घातलं, म्हणून चेअरमन आण्णासाहेबांनी सगळ्यांना फुकट सिनेमा दाखवायचं ठरवलं. टुरिंग टॉकीजवाला कल्याणप्पा बैलगाडीतून सिनेमाच्या पेट्या घेऊन आला. गावतळं कोरडंठाक पडलं होतं, त्याच्या मधोमध दोन वासे रोवून पडदा बांधला. मशीनच्या बाजूला पुरुष आणि पडद्याच्या पलीकडं बायका, अशी तिथली पद्धतच होती. कल्याणप्पानं दोन घागरी पाणी मागितलं.

"पडदा वल्ला केला की पलीकडनं चित्र झकास दिसतंय, साहेब."

"जनावरांला पाणी न्हाय, तुझ्या पडद्याला कुठनं आणू?" आण्णासाहेब म्हणाले. "बघतील बायका तसंच."

बायकांनी तसंच बघितलं. सिनेमा जुना, काळा-पांढरा, मुंबईत टोळ्या नुकत्या कुठं उभ्या राहत होत्या त्या काळचा. गोदीतून चोरटा माल उतरवणारा एक टोपीवाला शेट असतो. सगळं शहर त्याच्या खिशात, एकटा एक फौजदार तेवढा खिशात मावत नाही. शेट त्याच्याकडं नोटांची पेटी पाठवतो, तो ती हातभर लांब सरकवतो. शेट त्याची बदली करवतो, तो रजा टाकून परत येतो. तळ्यात एवढी माणसं बसलेली, पण कुणी खोकत नव्हतं.

कमलचं लक्ष मात्र भलतीकडंच लागलं होतं. फौजदारानं पेटी सरकवली ती डाव्या हातानं. साहेबाला सलाम ठोकला तोही डाव्या हातानं. मग तिची नजर चौकीवरच्या पाटीकडं गेली. ती सातवीपर्यंत शिकलेली. पाटीवरची अक्षरं आरशात दिसावी तशी उलटी होती. आपण पडद्याच्या मागच्या अंगाला बसलोय, म्हणून उजवा तो डावा दिसतोय, हे तिला लख्ख कळलं. आणि कळलेलं तिनं मनातच ठेवलं, कारण शेजारी धुरपदाबाई गुडघ्यांवर पुढं सरकून बसल्या होत्या.

पडद्यावर फौजदार घरी आला. म्हाताऱ्या आईनं ताट वाढलं. दिवसभर गुंडांशी झुंजलेला तो बाप्या डाव्या हातानं घास घेऊ लागला आणि आई पदर सावरत त्याच्याकडं बघत बसली. धुरपदाबाई त्या आईकडं बघत बसल्या, चांगला बराच वेळ. मग त्यांनी आपलाही पदर खांद्यावर नीट केला.

"बघितलंस का?" त्या म्हणाल्या. "डावरा हाय."

"कोण, आत्याबाई?"

"फौजदार. डाव्या हातानं जेवतुया. आई काय बोलली का त्याला?"

"न्हाई बा."

"मग झालं तर."

सकाळी चूल पेटायच्या आधी धुरपदाबाईंनी शिवलेल्या बाहीचा दोरा दातानं तोडला. गुलाबनं मूठ बाहेर काढली, बोटं उघडझाप करून बघितली, आणि एक भाकरी खाल्ली. मग आजीच्या ताटातली अर्धी खाल्ली. कमल चुलीकडं तोंड करून बसली, धूर झाल्यासारखे डोळे पुसत.

इथंच हे थांबलं असतं तर बरं होतं. पण त्या दिवशी डेअरीवर दूध घालायला धुरपदाबाई स्वतः गेल्या, कडेवर नातीला घेऊन. मागं कमल दुधाची कासंडी घेऊन. रांगेत भिमाबाई होतीच.

"बाही उसवली वाटतं?"

"उसवली. एवढ्या मोठ्या फौजदाराच्या आईला चालतंय, मग मी कोण टिकोजीराव लागून गेले?"

"व्हय की गं. डावराच व्हता त्यो," भिमाबाई म्हणाली, आणि रांगेतल्या सगळ्या बायांनी माना हलवल्या.

मापाशी बसला होता कमलचा नवरा, गोरोबा. तो वर न बघताच बोलून गेला, "कोण डावरा? माय, उजव्या हातानं पिस्तूल धरलं त्यानं. म्या डोळ्यांनी बघितलं."

"मग आमी काय कानांनी बघितलं व्हय?" धुरपदाबाई म्हणाल्या.

पुरुष उजवा म्हणून बसले, बाया डावा म्हणून. कुणीतरी म्हणालं, बायकांचं ध्यान सिनेमाकडं कवा असतंय, पोराबाळांत असतंय. त्यावर भिमाबाईनं विचारलं, मग पुरुषांचं कुठं होतं, त्या शेटच्या बंगल्यात नाचणाऱ्या बाईकडंच का? मापं थांबली. दुधाची गाडी येऊन उभी राहिली. तिचा ड्रायव्हर बसवराज, त्यानं सिनेमाच बघितला नव्हता, पण गप्प राहावंसं त्यालाही वाटेना.

"फौजदार डावरा असूच शकत न्हाई," तो म्हणाला. "भरतीलाच काढून टाकत्यात."

झालं. तिथून पुढं बसवराजला खोटं पाडण्यात तास गेला. ऊन चढलं, आणि वर्षभरात कधी नासलं नव्हतं ते दूध त्या दिवशी दोन कॅन नासलं.

आण्णासाहेब धावत आले. चेअरमन या नात्यानं त्यांनी फौजदार उजवा असल्याचा निकाल देऊन टाकला. त्यांची बायको जाईबाई रांगेत उभी होती. ती एवढंच म्हणाली, "बरं." त्या दिवसापासून आण्णासाहेबांच्या चहात गूळ पडेना. भिमाबाईनं नवऱ्याला सांगितलं, आधी डावा म्हणायचं, मग ताटावर बसायचं. तिसऱ्या दिवशी तर बायांनी दूध काढून घरातच ठेवलं. ज्यांना उजवं-डावं कळत नाही, त्यांच्या मापावर भरवसा कसा ठेवायचा, असं त्यांचं म्हणणं पडलं. गाडी निम्मी रिकामी गेली. सोसायटी वर्षाची झाली, ती सव्वा वर्षाची होते की नाही, अशी वेळ आली, तेव्हा आण्णासाहेबांनी कल्याणप्पाला परत बोलावणं धाडलं.

गाव खूश झालं. कमलला मात्र घोर लागला. पुन्हा सिनेमा लागला, खरं काय ते बाहेर आलं, की आत्याबाईंची मान खाली जाणार आणि बाही पुन्हा बंद होणार. तीन दिवसांत पोरीच्या गालाला जरा गोलाई आली होती.

दुपारी कल्याणप्पा तळ्यात वासे रोवत होता. कमल गुलाबला घेऊन पडद्याशी गेली.

"अप्पा, बायका मागच्याच अंगाला बसणार न्हवं?"

कल्याणप्पानं तिच्याकडं बघितलं. मग गुलाबकडं. गुलाब काटकीनं वाळलेल्या चिखलावर रेघा ओढत होती, डाव्या हातानं.

"ताई, बावीस सालं पेट्या घेऊन फिरालोय," तो म्हणाला. "हे विचारणाऱ्या तुम्हीच पयल्या."

"कुणाला सांगू नगा."

"मी कशाला सांगतो? सांगितलं तर एकदाच बघत्यात. भांडली की दोनदा बघत्यात."

कमलला जरा धीर आला. पण तिन्हीसांजेला माणसं जमली आणि आण्णासाहेब खुर्चीवर उभे राहिले.

"आज बायकांनी आमच्या जागंवर बसायचं. आमी बायकांच्या जागंवर बसतो. म्हंजी कुणी म्हणाय नगं की आमाला नीट दिसलं न्हाई."

सगळ्यांना हे फार पटलं. चेअरमन उगीच होत नाही माणूस, असंही कुणी म्हणालं. सतरंज्या इकडच्या तिकडं झाल्या. कल्याणप्पा तोंडावर उपरणं धरून बराच वेळ खोकत होता.

सिनेमा सुरू झाला. फौजदार आला, साहेबापुढं उभा राहिला आणि त्यानं सलाम ठोकला. पडद्याच्या पलीकडून गोरोबाचा आवाज आला, "आयला, डावराच हाय की."

अलीकडं भिमाबाईनं तोंडावर हात ठेवला. "अगं बया. उजवा."

कमलनं हळूच सासूकडं बघितलं. धुरपदाबाईंचा चेहरा पडद्याच्या उजेडात कधी पांढरा, कधी काळा होत होता. कमलनं मांडीवरच्या गुलाबची डावी मूठ आपल्या मुठीत घेतली आणि शेवटपर्यंत सोडली नाही. फौजदारानं शेटला कसं धरलं, ते तिला दुसऱ्यांदाही दिसलं नाही.

सिनेमा संपला. दोन्हीकडची माणसं पडद्याला वळसा घालून एकमेकांकडं आली, चुकलं म्हणून सांगायला.

"माय, तुमचं खरं," गोरोबा म्हणाला. "डावराच त्यो."

"न्हाई बाबा, आमचीच चूक झाली," धुरपदाबाईंच्या वतीनं भिमाबाई म्हणाली. "उजवा हाय."

"आत्ता बघून आलो म्या. डावा."

"आन् मी काय गेल्या सालात बघितला? उजवा."

आण्णासाहेबांनी सगळ्यांना शांत केलं आणि चेअरमन या नात्यानं सांगितलं, की फौजदार डावा. जाईबाई म्हणाली, "बरं." त्या आवाजानं आण्णासाहेब खुर्चीवरून उतरले. घटकाभरात भांडण पुन्हा होतं तिथं येऊन उभं राहिलं, माणसांनी फक्त बाजू बदलल्या होत्या. कल्याणप्पा रीळ गुंडाळत म्हणाला, "तिसरा खेळ कवा ठेवू, साहेब?"

धुरपदाबाई मात्र सरळ घरी आल्या.

सकाळी कमल भाकरी थापत होती. धुरपदाबाईंनी सुईदोऱ्याचा डबा काढला.

"पोरीचा झगा आण."

कमलनं दांडीवरचा झगा काढला. पण तो त्यांच्या हातात देईना, छातीशी धरून उभी राहिली.

"दे की."

"आत्याबाई, चूक माझी हाय," ती म्हणाली. "मला पयल्याच दिवशी कळलं व्हतं. चौकीवरची अक्षरं उलटी दिसत व्हती. म्या बोलले न्हाई. तुमाला गावात खाली बघाय लावलं म्या. मला काय बोलायचं ते बोला, पण बाही शिवू नगा."

धुरपदाबाईंनी झगा ओढून घेतला. दोरा ओवायला सुई उजेडाकडं धरली.

"तुला अक्षरं दिसली," त्या म्हणाल्या. "मला काय वाचाय येतंय? पर त्या फौजदाराच्या आईचा पदर उजव्या खांद्यावर व्हता. असला पदर आपल्यात कोण घेतंय? म्या तवाच वळखलं, की हे उलटं दिसाय लागलंय."

कमल परातीशी बसता बसता थांबली.

"तवाच? मग तीन दिवस समद्या गावासंगं भांडलात ते?"

"सोळा दिस पोरगी अर्ध्या पोटी उठत व्हती, ते मला दिसत न्हवतं व्हय?" धुरपदाबाईंनी गुलाबच्या झग्याची बाही मांडीवर पसरली. तिचं उसवून दोरे लोंबणारं तोंड त्यांनी आत दुमडलं आणि ते उघडंच ठेवून कडेनं बारीक टीप घालायला सुरुवात केली. "पर शिवली व्हती म्या. म्याच शिवलेली म्याच कशी उसवू? सासू हाय मी. मधी कुणीतरी मोठा माणूस पडाय पायजे व्हता. फौजदार पडला."

गुलाब झोपेतून उठून आली, आजीच्या मांडीला टेकली आणि परातीतल्या पिठाचा गोळा डाव्या हातानं उचलून घेतला. कमलनं परात तिच्याकडं सरकवली.

भिंतीपलीकडं चांगुणा काहीतरी वाटत होती. कमलनं भिंतीकडं बघत धीर करून विचारलं, "आत्याबाई, मग त्यो वरवंट्याचा अबोला?"

धुरपदाबाईंनी दोरा दातानं तोडला.

"त्याला दुसरा सिनेमा लागंल," त्या म्हणाल्या.