आधी जीभ दाखव

सुलूमावशीकडून मासे घ्यायचे तर आधी जीभ बाहेर काढावी लागते. रत्नागिरीच्या मासळीबाजारात, भर गर्दीत, चारचौघांसमोर! जीभ बघून झाली की माशाच्या हातानेच ती तुमची पापणी ओढून बघते, आणि मग पलीकडच्या रांगेपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात विचारते, "सकाळी पोट साफ झालं काय?" बँकेच्या मॅनेजरलाही मी तिथे मान खाली घालून उत्तर देताना पाहिलंय.

"मासा चांगलाच असतो मेल्या, तू कसा हायस ते बघू दे," हे तिचं ठरलेलं वाक्य. आमच्या शेजारच्या जुळ्या भावांना ती दोन वेगळ्या पिशव्या देते. एकाला कोळंबी, दुसऱ्याला मुडदुशे. "आई एक असली तरी पोटं दोन हायत ना?" एकदा पुण्याच्या एका पाहुण्याने मोबाइलमधला आहाराचा तक्ता तिच्यापुढे धरला. मावशीने कोयती खाली ठेवली. "ह्यो मोबाइल तुझ्या पोटात ऱ्हातो काय?" बिचारा तिने दिले ते मासे निमूट घेऊन गेला.

मला तिने पित्ताचा ठरवलंय, त्यामुळे बांगडा बंद. एकदा मी गुपचूप दुसरीकडून घेतला. दुसऱ्या दिवशी मला लांबून बघूनच ती ओरडली, "खाल्लास ना?" छातीत जळजळ होतीच! बायकोच्या बाळंतपणात बाळंतिणीला दूध यावं म्हणून तिने महिनाभर मोरी मासा पाठवला, आणि आमचं बाळ असं गुटगुटीत झालं की मी तिच्यापुढे हातच टेकले. शाळेची पायरी न चढलेली ही बाई माणूस ओळखते कशी, देव जाणे.

माझे वडील, अण्णा, जुने शाळामास्तर. त्यांना दम लागायचा म्हणून मावशीने त्यांचाही बांगडा कधीच बंद केलेला. यंदा दिवाळीनंतर त्यांनी अंथरूण धरलं. पेजेचा घोटही घशाखाली उतरेना. अशात, दवाखान्यातून घरी आणल्यावर, एका सकाळी ते अगदी स्पष्ट म्हणाले, "बांगड्याचं तिखलं हवं."

मावशीला चुकवून आणता आला असता, पण मन होईना. वाटेभर मी भांडणाची तयारी करत गेलो. तिने सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "डॉक्टर काय बोल्ला?"

"घरी न्या म्हणाला."

जीभ नाही, पोट नाही, काही नाही. तिने चांगले ताजे बांगडे निवडले, पाटी शेजारणीवर सोपवली आणि माझ्याबरोबर रिक्षात येऊन बसली.

आमच्या स्वयंपाकघरात तिने स्वतः तिखलं, म्हणजे दाट झणझणीत कालवण, केलं, तिरफळं घालून. मग अण्णांच्या उशाशी बसून, बोटांनी चाचपत एकेक काटा काढत, भाताचे इवले इवले घास भरवू लागली. अण्णांनी दोन घास खाल्ले. मला रडू आवरेना.

मान वर न करता ती म्हणाली, "माझ्या माणसानं पण शेवटी ह्योच मागितला व्हता. त्येच्या अंगाला मानवायचा नाय म्हणून मी नाय दिला. तसाच गेला रे."

अण्णा डोळे मिटून घास चघळत होते.

"मीठ कमी आहे गो," ते म्हणाले.

"व्हय मास्तर," म्हणत मावशीने मनगटाने डोळे पुसले आणि ती मीठ आणायला उठली.